लाखामागे

ड्राय फोर्क कौंटीत माणसं एकोणीसशे बारा.
टेकडीवरची थडगी धरली तरी
लाख काही भरत नाहीत.
पण रकाना विचारतो: दर लाखामागे किती?

गेल्या साली एक.
म्हणजे लाखामागे बावन्न.
त्याआधीची नऊ सालं शून्य.

फेब्रुवारीतल्या एका मंगळवारी
शाळेच्या जिममध्ये, बास्केटबॉलच्या जाळीखाली सभा भरली.
ठराव एका ओळीचा:
घरातली बंदूक कुलपात ठेवावी.
बुटांवरचा बर्फ वितळून खुर्च्यांखाली थारोळी,
आणि लायल फडकं घेऊन
वाद घालणाऱ्यांचे पाय उचलायला लावत होता.

वकील म्हणाला, बावन्न!
ऑर्विल स्कार उठला, टोपी हातात,
म्हणाला, नऊ वर्षं शून्य. त्याला काय म्हणता?
शितावरून भाताची परीक्षा,
आणि शीत तरी एकच!

मग राजधानीहून बोलावलेल्या प्रुइटबाई,
ज्यांनी निकाल लावावा अशी सगळ्यांची आशा,
चष्मा पुसत म्हणाल्या,
इतक्या थोड्या माणसांत आकडा बोलत नाही.
नुसता थरथरतो.
टाळ्या कुठल्याच बाजूला पडल्या नाहीत.

मी मागच्या रांगेत होते.
कोरोनरच्या कचेरीत कारकून, बावीस वर्षं.
तो एक, मी लिहिलेला.

नेल्स ब्रेकी. वय सोळा.
स्वयंपाकघरातल्या टेबलावर फडकं, गज, तेलाची बाटली.
फडकं कोरडं.
बाटलीचं सील शाबूत.
फॉर्मवर चौकटी पाच.
हॅल्वरनं पेन बराच वेळ धरलं
(एरवी तो पेंडीची पोती विकतो,
मरण वर्षातून दहा-बारा वेळा)
आणि मग माझ्याकडे दिलं.

दारात आयडेला, कोटाची एकच बाही चढवलेली.
"साफ करत होता ना तो?"
प्रश्न नव्हता तो.
मी म्हटलं, हो.
सीलबंद बाटलीला फॉर्मवर रकाना नाही.

आता इथे, जाळीखाली,
माझी ती फुली दोन्ही बाजूंनी ओढली जात होती.
अपघात! ऑर्विल म्हणाला. अपघाताला कायदा काय करणार?
पोरांना हात धरून शिकवा, मी माझ्यांना शिकवलं.
अपघात! वकील म्हणाला. म्हणजे कुलपानं टळला असता.
दोघंही खरं बोलत होते
माझ्या खोट्यावर उभे राहून.
की खोटं नव्हतंच ते?
सोळा वर्षांच्या पोराला
साफ करायचं होतं, आणि मग नव्हतं,
असं एका मिनिटात होऊ शकतं.
मला माहीत नाही. प्रुइटबाईंना तर
माहीत नसल्याचंही माहीत नाही.

बोलायला नाव दिलं होतं मी. तीन मिनिटं.
पुकारलं तेव्हा उठले,
आयडेला तिसऱ्या रांगेत, मान ताठ, मागे न वळलेली.
म्हटलं, माझं बोलणं होऊन गेलंय.
इतिवृत्तात तसंच लिहिलंय: काही बोलल्या नाहीत.

ठराव पुढच्या महिन्यावर गेला.
मग वासरांचा हंगाम आला, त्याच्याही पुढे गेला.

एप्रिलमध्ये तिचं काचेचं भांडं परत द्यायला गेले.
तिनं कॉफी ओतली. टेबल तेच,
फक्त खिडकीकडे सरकवलेलं.
ती पावसाबद्दल बोलली, गव्हाबद्दल,
सभेबद्दल एकदाच:
"किती म्हणाले ते? बावन्न?"
आणि जरा थांबून, जणू बाकीच्या एकावन्न घरांची
तिला काळजी वाटली,
साखर पुढे सरकवली.

भिंतीवर, दाराच्या वर, दोन आकडे.
एकावर भांडी पुसायचं फडकं अडकवलेलं.
दुसरा रिकामा.